नऊ नंबरचा वरचा थर

१

चोरीला गेलं होतं सतरा सेंटीमीटर.

सोनं नाही, टीव्ही नाही. विनी टीसडेलच्या माळ्यावर उबेसाठी पसरलेल्या काचतंतूंच्या लोकरीच्या दोन थरांपैकी वरचा अख्खा थर. खालचा दहा सेंटीमीटरचा जागच्या जागी होता. वरचा सतराचा नाहीसा झाला होता, आणि हे मला काउंटीचा तपासनीस पिकरिंग शिडीवरून उतरता उतरता सांगत होता, पँटचे गुडघे झटकत.

"बाई, इथं सत्तावीस हवं. दहा आहे."

आमचं गाव थॉर्नलॉ. कोळशाची खाण बंद होऊन तीस वर्षं झाली, पण घरं खाणीचीच आहेत. पंप रो म्हणजे भिंतीला भिंत लावून उभी केलेली अठरा घरांची ओळ. ऊब त्या घरांत थांबत नाही, नुसती जाता जाता डोकावते. सरकारने अशांसाठी अनुदान काढलं: माळ्यावर लोकर, नवे हीटर, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवणं. मिळणार कुणाला, तर 'दुर्बल कुटुंबां'ना. हा शब्द त्यांचा. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली, पण समाजमंदिरात चहाच्या बंबाशेजारी टेबल टाकून दोन वर्षं मी हे फॉर्म भरते आहे. एकतीस पानांचा एक. ती भाषा आता मला लिहिणाऱ्यापेक्षा बरी कळते. म्हातारी थंडीने कुडकुडते असं लिहून भागत नाही. ती किती मोडकी आहे हे सिद्ध करावं लागतं. विनीच्या फॉर्मवर 'जिना चढता येतो का?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं होतं. 'मदतीला कोण आहे?' पुढे लिहिलं होतं, 'कोणी नाही'. दोन्ही थोडं वाढवून. त्याशिवाय तिथं कुणी दार उघडत नाही, आणि याची मला शरम नाही.

अकरा घरं मंजूर झाली. पहिलं घर विनीचं, नऊ नंबर. तिथलं काम ऑक्टोबरात झालं. ते तपासणीत उतरलं की उरलेली दहा सुरू होणार होती.

काम केलं होतं आमच्याच गावच्या किअरन हर्डने. कारखाना बंद पडल्यावर तिशीत नव्याने शिकून उभा राहिलेला पोरगा, स्वतःची पहिलीच व्हॅन. पिकरिंगच्या मते प्रकार उघड होता: एक थर टाकला, दोन थर दाखवले. किअरनने वर मोजपट्टी धरून काढलेला फोटो दिला होता, त्यावर सत्तावीस स्पष्ट दिसत होतं. पिकरिंग म्हणाला, फोटो कुठल्याही माळ्याचा असू शकतो.

"पुढच्या शुक्रवारी मी परत येईन," तो म्हणाला. "तोवर काही वेगळं दाखवता आलं तर दाखवा. नाही तर हर्डचं नाव यादीतून जाईल आणि ही दहा घरं पुढच्या वर्षीच्या यादीत जातील."

पुढच्या वर्षी म्हणजे हा हिवाळा संपल्यावर. त्या दहा घरांत चार छात्या अशा आहेत की हिवाळा संपल्यावर त्यांना लोकर नाही, शवपेटी लागेल. हे मी त्याला असंच ऐकवलं. त्याने मान खाली घातली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

विनी तेव्हा घरात नव्हती. गुरुवारी दुपारी ती चॅपलमध्ये जेवायला जाते, म्हणून दार मी माझ्याकडच्या किल्लीने उघडलं होतं. ती परतली तेव्हा मी सांगितलं की तपासणी झाली, सगळं ठीक आहे. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला कशाला घोर लावायचा. शेजारीपाजारी सगळ्यांना मी बजावलं, विनी आँटीच्या कानावर यातलं काही जाता कामा नये.

संध्याकाळी किअरन समाजमंदिरात आला. तो ओरडला नाही. खुर्चीवर बसला आणि हात मांड्यांवर ठेवून म्हणाला, "ऑड्री, मी दोन्ही थर टाकलेत."

माझा त्याच्यावर विश्वास बसला, आणि तिथंच खरी पंचाईत सुरू झाली. तो खरं बोलत असेल, तर पिंपाएवढे लोकरीचे नऊ गठ्ठे नऊ नंबरमधून बाहेर गेले होते. ज्या गल्लीत कुणी पडदे बदलले तरी दुपारपर्यंत सगळ्यांना रंग पाठ असतो, त्या गल्लीत ते कुणालाही दिसले नव्हते.

२

मी कथबर्ट नॅट्रसकडे गेले. जायची इच्छा नव्हती. चौऱ्याऐंशीच्या खाणकामगारांच्या संपात तो अधिकाऱ्यांच्या संघटनेत होता, संपकऱ्यांच्या बाजूला नाही, आणि अर्धं गाव अजून त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही. पण बावीस वर्षं त्याने खाणीतली हवा सांभाळली होती. जमिनीखाली सात मैल पसरलेल्या बोगद्यांत वारा कुठून शिरतो, कुठून निसटतो, हे तो मेणबत्तीच्या ज्योतीवरून सांगायचा.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हातारी काय म्हणते?"

तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही, असं मी ठणकावलं. त्याने खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी घरात वारा कुठून शिरतो ते बघायचं निमित्त करून आम्ही विनीकडे गेलो. तिने चहा केला, आल्याचा केक काढला. केकच्या फोडी अशा निघाल्या की जणू उंदरांनी कुरतडल्यात. पावाची सुरी पार बोथट झालीय, ती कुरकुरली, पन्नास वर्षं टिकली आणि आता लोणीसुद्धा कापत नाही. मी सुरीला धार लावून आणते म्हटलं तर नको म्हणाली. मनगटांवर तिने गुलाबी मलम थापलं होतं. नवं स्वेटर टोचतं म्हणे.

"कथबर्ट नॅट्रस," ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "तू माझ्या घरात बसून चहा पितोयस हे माझ्या जॉसला कळलं असतं तर तो थडग्यातून उठून आला असता."

"येऊ दे की," कथबर्ट म्हणाला. "त्याचा एक डोमिनोचा डाव माझ्याकडे बाकी आहे."

म्हातारी खुदकन हसली आणि त्याच्या बशीत आणखी एक कुरतडलेली फोड पडली.

मग तिला खाली रेडिओपाशी बसवून आम्ही वर गेलो. जिन्याच्या वरच्या कोपऱ्यात कपड्यांच्या दोरीला टेकू द्यायची लांब काठी उभी होती. ती मागच्या गल्लीत असायची. डिसेंबरात कपडे बाहेर वाळत नाहीत, म्हणून आत आणली असेल, असा विचार करून मी ती बाजूला सरकवली. किअरनने बसवलेली नवी शिडी ओढली, तर ती सरकन खाली आली.

कथबर्टचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून वर मी चढले. त्याने खालून तीन गोष्टी बघायला सांगितल्या. दोन्ही बाजूंना विटांची भिंत आहे का? होती, छपरापर्यंत. बाजूला पडलेले तुकडे, दोऱ्या, पिशव्या? काहीच नव्हतं, इतकं साफ की जणू कुणी झाडून घेतलंय. आणि तिसरी, खालच्या थरावर काजळी किती?

आमच्या छपरांतून शंभर वर्षांची काजळी झिरपत असते. उघडी ठेवलेली कुठलीही गोष्ट महिन्या-दीड महिन्यात करडी होते. मी दिवा फिरवून पाहिलं. दहा नंबरच्या भिंतीकडची लोकर चांगलीच काळवंडली होती. तिथून आठ नंबरच्या भिंतीकडे येताना ती हळूहळू उजळत गेली होती, आणि शेवटची पट्टी दुकानातून आणल्यासारखी कोरी होती.

मी उतरून हे सांगितलं तेव्हा कथबर्टने माळ्याच्या झाकणाखाली मेणबत्ती पेटवून धरली होती. ज्योतीकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"किअरन सुटला," तो म्हणाला. "वरचा थर नसताच, तर सगळीकडे सारखी काजळी बसली असती. इथं थर होता आणि तो दहाच्या बाजूने उचलत उचलत गेलाय. एका दिवसात नाही. रोज थोडा थोडा, महिनाभर तरी."

"हे पिकरिंगला सांगून चालेल?"

"काजळीवर तो अहवाल बदलणार नाही. लोकर दाखवावी लागेल."

महिनाभर, रोज. म्हणजे या घरात रोज येणारं कुणीतरी. अशी माणसं दोनच होती. एक मी. आणि दुसरा, रोज सकाळी विनीला वर्तमानपत्र आणून देणारा आठ नंबरचा डेनिस स्टोबर्ट.

३

डेनिसची परसात कबुतरांची खोपी आहे. शर्यतीची कबुतरं. बायको गेल्यापासून तो त्यांच्याशीच बोलतो, आणि माणसांशी बोललाच तर कबुतरांविषयी.

आम्ही शनिवारी सकाळी गेलो. खोपीचं दार उघडताच माझा पारा चढला. आतल्या तिन्ही भिंतींना फळ्यांच्या आड लोकर ठासून भरली होती. कबुतरं अशी ऐसपैस बसली होती की पंप रोमध्ये तेवढं सुख कुठल्याच माणसाच्या वाट्याला नव्हतं.

मी त्याला वाटेल ते बोलले. म्हातारीच्या डोक्यावरचं पांघरूण चोरून पाखरांना घालतोस, असंही बोलले. डेनिसचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तो एक कबुतर हातात घेऊन कुरवाळत राहिला. कथबर्टने मला कोपराने बाजूला सारलं, फळीमागे बोट घातलं आणि चिमूटभर लोकर उपसून माझ्या तळहातावर ठेवली.

ती पिवळी होती. पिवळी, चपटी, बोटांत भुगा होणारी.

"किअरनने काय रंगाची टाकली होती, बाई?"

तपकिरी. खालचा थर मी कालच डोळ्यांनी पाहिला होता.

डेनिसने तेव्हा तोंड उघडलं. नवी टाकण्याआधी किअरनने विनीच्या माळ्यावरची तीस वर्षं जुनी लोकर काढली होती. ती कचऱ्यात चालली होती, डेनिसने मागून घेतली.

"मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं, ऑड्री. तू विचारलंच नाहीस. तू आलीस तीच निकाल घेऊन."

मी माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे ती शिवीसारखीच ऐकू गेली असावी. पण डेनिस मोठ्या मनाचा. कथबर्टने विचारलं तेव्हा त्याने आठवून आठवून सांगितलं की पेपर द्यायला तो सकाळी नऊ वाजता जातो आणि दारातूनच परततो. नोव्हेंबरपासून विनी आँटी दार उघडायला वेळ लावते. उघडते तेव्हा डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला असतो आणि दम लागलेला असतो.

"म्हातारी खचत चाललीय," डेनिस म्हणाला. "माझ्या आईचं असंच झालं होतं."

चोर राहिला बाजूला, विनी आमच्या डोळ्यांदेखत जात होती की काय?

४

मंगळवारी सकाळी कडक हिम पडलं. कथबर्टने मला आठलाच बाहेर बोलावलं आणि समोरच्या चढावर उभं केलं. तिथून पंप रोची अठराही छपरं एका नजरेत दिसतात.

"काय दिसतं?"

छपरं दिसत होती. बहुतेक काळी, ओली. घरातली ऊब वर निघून जाते आणि हिम वितळवते. गॅस जाळायचा आम्ही आणि शेकायचं आभाळाने. विनीचं छप्पर पांढरं होतं, पण मधेमधे विरलेलं. माझं सोळा नंबरचं काळं होतं, ते मला पाठ आहे, तिकडे मी बघतही नाही. आणि विनीच्या शेजारचं दहा नंबरचं छप्पर दुधासारखं पांढरं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

माझा जीव कळवळला. दहा नंबरला कर्स्टी राहते, तेवीस वर्षांची, एकटी, दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या मुलीला घेऊन. आयला तिचं नाव. तिच्या छातीतून कायम मांजर बसल्यासारखा आवाज येतो. कर्स्टीचा फॉर्म मीच भरला होता, आणि तो परत आला, कारण घर भाड्याचं आणि घरमालकाने संमतीची सही केली नाही. एक सही. तीन पत्रं पाठवली, दोन फोन केले. त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही, पण त्याचं नाव मी इथं लिहीत नाही ते केवळ छापणाऱ्यावर बालंट नको म्हणून. आता छपरावर एवढं हिम म्हणजे पोरीने हीटर बंदच ठेवलेला दिसत होता.

"असं तुला वाटतं," कथबर्ट म्हणाला. "चल, विचारू."

कर्स्टीने दार उघडलं ते अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. आयला जमिनीवर उघड्या पायांनी बसून चमचा आपटत होती. घर उबदार होतं. डिसेंबरात, थॉर्नलॉमध्ये, पंप रोमध्ये घर उबदार होतं.

कर्स्टीलाही त्याचं नवल वाटत होतं. गेल्या वर्षी वरच्या खोलीत श्वास दिसायचा म्हणून दोघी खाली सोफ्यावर झोपायच्या. यंदा महिन्याभरापासून वर झोपतात. मीटरमध्ये पैसे भरले की तीन दिवसांत संपायचे, ते आता पाच दिवस पुरतात. आयलाला नोव्हेंबरपासून एकदाही दवाखान्यात न्यावं लागलं नव्हतं.

"मला वाटलं यंदा थंडीच कमी आहे," ती म्हणाली.

कथबर्टने विचारलं, माळ्यावर कधी गेली होतीस? ती म्हणाली शिडीच नाही, आणि झाकण रंगाने घट्ट बसलंय, या घरात आल्यापासून उघडलेलं नाही. मी वर जाऊन पाहिलं. खरंच होतं. झाकणाच्या कडेवरचा रंग कुठंही फुटलेला नव्हता.

बाहेर आल्यावर मी कथबर्टच्या बाहीला धरलं. चोरीचा माल दहा नंबरच्या माळ्यावर होता, एवढं मलाही कळलं होतं. मालक पत्र उघडत नाही आणि पोरगी निर्दोष. पण नऊ नंबरमधून तो बाहेर पडलेला कुणी पाहिला नव्हता, आणि दहा नंबरचं झाकण उघडलंच नव्हतं. मधे विटांची भिंत होती, आणि ती मी हात लावता येईल इतक्या जवळून पाहिली होती.

"पाहिलीस," कथबर्ट म्हणाला. "ढकलून नाही पाहिलीस."

५

तो मला सरळ विनीच्या दारात घेऊन गेला. मी पायरीवरच आडवी आले. म्हटलं, तिच्या हृदयाला धक्का बसेल.

कथबर्ट मग चिडला. एवढा चिडलेला मी त्याला इतक्या वर्षांत पाहिला नव्हता, आणि तेही आवाज न चढवता.

"बाई, तू डेनिसला विचारलंस, कर्स्टीला विचारलंस, मला विचारलंस. जिच्या डोक्यावरून लोकर गेली तिला कुणी विचारलं का? का नाही? कारण ती दुर्बल. हे तुला कुणी सांगितलं? तुझ्याच फॉर्मने. जिना चढता येत नाही हे तूच लिहिलंस, आणि आता तूच ते खरं धरून चाललीयस."

मी दारासमोरून बाजूला सरले.

तिथंच पायरीवर त्याने सगळं जुळवून दाखवलं. मेणबत्तीची ज्योत त्या दिवशी दहाच्या भिंतीकडे झुकत होती. सलग भिंतीतून हवा जात नाही, म्हणजे वर विटांमागे वाट आहे. काजळी सांगते की थर दहाच्या बाजूने उचलला गेला, रोज एकेक तुकडा. तुकडे करायला सुरी लागते, आणि पन्नास वर्षं टिकलेली पावाची सुरी याच महिन्यात बोथट होते. काचेच्या लोकरीने मनगटं खाजतात, स्वेटरने नाही. सकाळी नऊ वाजता डोक्याला रुमाल आणि छातीत दम. आणि भिंतीपलीकडे, शेजारणीच्या कच्च्या छतावर पाय न ठेवता लोकर दूरवर सारायची तर दहा हात लांब काहीतरी हवं.

"कपड्यांची काठी," मी म्हणाले.

दार आतून उघडलं. विनी उभी होती, रुमाल बांधलेला.

"किती वेळ थंडीत कुजबुजणार आहात? मी केव्हाची ऐकतेय," ती म्हणाली. "आणि काय गं ऑड्री, कुठला अहवाल? कोण जाणार यादीतून?"

६

आम्ही तिला सगळं सांगितलं, आणि ती संतापली. धक्का वगैरे काही बसला नाही. किअरन पाच दिवस चोर ठरून फिरतोय आणि अख्ख्या गल्लीने तिच्यापासून ते लपवलं, याचा तिला इतका राग आला की तिने हातातली केकची बशी टेबलावर आपटली.

"त्याच दिवशी सांगितलं असतंस तर त्याच दिवशी मिटलं असतं," ती म्हणाली. "माझ्यापासून लपवायला मी काय आयलाएवढी आहे?"

तिच्या हिशेबाने तिने काही चुकीचं केलंच नव्हतं. जॉस, तिचा नवरा, खाणीत असताना हक्काचा कोळसा यायचा, गाडीभर, मागच्या गल्लीत ओतलेला. तो आत भरायच्या आधी शेजारी बघायचं. ज्या घरात खाणीतला माणूस नाही, त्या घराला आधी ढकलगाडी. कंपनीचा नियम होता की कोळसा दुसऱ्याला द्यायचा नाही. सगळे द्यायचे. जॉस गेल्यावर तिनेही दिला. पुढे कोळसा थांबला, आणि या ऑक्टोबरात गाडी आली ती लोकरीची.

"दोन थर आले," ती म्हणाली. "एक माझा. दुसरा कुणाचा ते भिंतीपलीकडे रात्रभर खोकत होतं."

वाट जुनीच होती. संपाच्या वर्षी बायका खाणीच्या ढिगाऱ्यावरून कोळसा वेचून आणायच्या आणि पोलीस झडत्या घ्यायचे. तेव्हा जॉसने आणि दहा नंबरच्या शेजाऱ्याने माळ्याच्या भिंतीतल्या वीस विटा सुट्या केल्या. पोलीस नवात आले की पोती दहात, दहात आले की नवात. नंतर विटा परत लावल्या, पण चुना न लावता. अधिकाऱ्यांच्या माणसाला, म्हणजे कथबर्टला, हे कुणी सांगितलं नाही, आणि मी या गल्लीत आले ती संपानंतर सहा वर्षांनी.

"मला तेव्हाच सांगितलं असतं तर मी काही बोललो नसतो," कथबर्ट म्हणाला.

"आता सांगितलं ना," विनी म्हणाली. "केक घे."

शुक्रवारी पिकरिंग आला तेव्हा आम्ही सगळे विनीच्या स्वयंपाकघरात होतो. किअरन दाराशी उभा होता, पाय उंबऱ्याबाहेर. बोलायचं मी ठरवलं होतं, भांडणाची सगळी तयारी करून. विनीने मला गप्प बसवलं. तिने स्वतः त्या माणसाला वर नेलं. पुढे ती, मागे तो, नव्या शिडीचे नऊ दांडे ती कठड्याला धरून चढली. वर तिने विटा काढून दाखवल्या आणि त्याच्या हातात दिवा दिला. बराच वेळ तो भिंतीतल्या भोकातून पलीकडे बघत होता, असं तिने नंतर सांगितलं.

तो खाली आला. त्याच्या केसांत काजळी होती. किअरनकडे वळून तो म्हणाला, "दोन्ही थर टाकले होते. तसं लिहितो. फोटोवर मी विश्वास ठेवायला हवा होता."

किअरनने मान हलवली. मग पाय उंबऱ्याच्या आत घेतले.

मग मी विचारलं, "आणि ती लोकर? परत आणायला लावणार?"

पिकरिंगने वही उघडली, पान उलटलं, पुन्हा उलटलं.

"मी नऊ नंबर तपासायला आलोय," तो म्हणाला. "दहा नंबर माझ्या कागदावर नाहीच. फक्त ती भिंत पक्की बंद करून घ्या. उद्या एका घराला आग लागली तर दोन्ही पेटतील. तेवढं मी बघूनच जाणार."

सरकारी माणसाचे आभार मानायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी त्याला केक दिला. त्याने तो कुरतडलेला केक उभ्या उभ्या संपवला आणि आणखी मागितला.

किअरनने त्याच दुपारी विटांना चुना लावला. आपल्या व्हॅनमधले उरलेले गठ्ठे आणून विनीचा वरचा थर त्याने स्वतःहून पुन्हा टाकला. भिंत मिटवायच्या आधी विनी एकदा वर गेली आणि काठीने पलीकडचा शेवटचा तुकडा नीट सारून आली, कडेला जरा उघडं राहिलं होतं म्हणे. कर्स्टीला तिने काही सांगितलं नाही. पण कर्स्टी मूर्ख नाही. रविवारी ती आयलाला घेऊन आली, मुलीला विनीच्या मांडीवर ठेवलं, आणि दोघी शेजारी बसून राहिल्या. आयलाची छाती शांत होती. मी कान देऊन ऐकलं.

जानेवारीत दहा घरांची कामं सुरू झाली. हिम पडलं की मी चढावर जाऊन मोजायची. आधी तीन छपरं पांढरी, मग पाच, मग नऊ. थर बसले की छपरावर हिम टिकतं, कारण ऊब खाली राहते, माणसांपाशी. दोन वर्षं मी ज्यांना शिव्या घातल्या त्या फॉर्मचं हे असं पीक आलं होतं. मी तिथं उभी राहून रडले, आणि ते थंडीने आलेलं पाणी नव्हतं.

एका सकाळी माझ्या मागून काठी आपटत विनी चढ चढून वर आली. तिनेही छपरं मोजली.

"सोळा नंबर काळंच आहे," ती म्हणाली.

सोळा नंबर माझं. मी म्हटलं, दुर्बल हा शब्द माझ्या नावापुढे मी लावून घेणार नाही. माझ्या छातीचं काय ते माझं मी बघेन.

दुपारी ती समाजमंदिरात आली, चहाच्या बंबाशेजारी माझ्याच खुर्चीत बसली, मला समोर बसवलं आणि एकतीस पानी फॉर्म उघडून चष्मा लावला.

"खरं तेच सांगायचं," तिने बजावलं. "तुझ्यासारखं वाढवून नाही. जिना चढता येतो का?"

"येतो. वर पोचल्यावर थांबावं लागतं."

तिने तसंच लिहिलं, मोठ्या गोल अक्षरांत. पानांमागून पानं गेली. मग ती एका प्रश्नापाशी थांबली.

"मदतीला कोण आहे?"

मी सवयीने तोंड उघडलं. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते मिटलं.

उत्तराला जागा एकाच ओळीची होती. विनीने पेन झटकलं, ओळीच्या सुरुवातीला आपलं नाव लिहिलं, मग कथबर्टचं, मग डेनिस, कर्स्टी, किअरन. ओळ संपली तेव्हा तिने कागद आडवा केला आणि समासात लिहायला लागली.